विमानाच्या खिडकीत जीपीएस संच : काय दिसते, काय चालते आणि कशावर विसंबू नये

दिल्लीहून मुंबई, पुणे किंवा नागपूरकडे निघालेल्या विमानात खिडकीशी बसलेला प्रवासी आज हातातील लहानशा संचावर किंवा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर विमानाचे स्थान, वेग आणि उंची स्वतः पाहू शकतो. यासाठी विमानातील इंटरनेट सेवेची गरज नसते आणि कोणतेही शुल्क पडत नाही. मात्र अशा वापराबाबत प्रवाशांच्या मनात तीन प्रश्न हमखास असतात. या संचामुळे विमानाच्या यंत्रणेत अडथळा येतो का? नियमांना तो मान्य आहे का? आणि संच जे दाखवतो ते खरे मानावे का? यातील तिसऱ्या प्रश्नाला नोव्हेंबर २०२५ मध्ये राजधानीच्या आकाशात घडलेल्या घटनांनंतर विशेष महत्त्व आले आहे.

संच काम कसा करतो?

जीपीएस ही अमेरिकेची उपग्रहाधारित स्थाननिश्चिती यंत्रणा आहे. भूपृष्ठापासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून तिचे उपग्रह पृथ्वीभोवती फिरत असतात आणि प्रत्येक उपग्रह आपले स्थान व अचूक वेळ सतत प्रसारित करत असतो. हा संदेश संचापर्यंत पोहोचण्यास सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो. निघण्याची आणि पोहोचण्याची वेळ यांतील फरकावरून संच त्या उपग्रहाचे अंतर काढतो. संचातील साधे घड्याळ उपग्रहातील आण्विक घड्याळाइतके अचूक नसते. त्यामुळे अक्षांश, रेखांश आणि उंची यांच्या जोडीला वेळेतील चूक ही चौथी अज्ञात संख्याही सोडवावी लागते आणि म्हणून किमान चार उपग्रह दिसावे लागतात. वेळेत सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तरी अंतरात ३०० मीटरचा फरक पडतो.

यात महत्त्वाची बाब अशी की संच स्वतः उपग्रहाकडे काहीही पाठवत नाही. आकाशवाणी ऐकणाऱ्या रेडिओप्रमाणे तो केवळ ऐकतो. तो जे ऐकतो तेही अतिशय क्षीण असते. एका वॅटचे, एकावर सोळा शून्ये इतके भाग केले, तर जमिनीवर पोहोचणारी शक्ती त्यातील जेमतेम एका भागाएवढी भरते. पुढे येणाऱ्या अनेक प्रश्नांचे मूळ या क्षीणतेत आहे.

ही यंत्रणा सामान्य नागरिकांना खुली होण्यामागेही एका विमान दुर्घटनेचा संदर्भ आहे. १ सप्टेंबर १९८३ रोजी मार्ग चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेले दक्षिण कोरियाचे प्रवासी विमान सोव्हिएत लढाऊ विमानाने पाडले. त्यात २६९ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या प्रशासनाने ही यंत्रणा पूर्ण झाल्यावर नागरी वापरासाठी उपलब्ध करून देण्याची घोषणा केली. नागरी संदेशात हेतुपुरस्सर ठेवलेली अचूकतेची त्रुटी मे २००० मध्ये काढून टाकण्यात आली. तेव्हापासून साध्या संचालाही काही मीटरपर्यंत अचूक स्थान कळू लागले.

विमानात बसल्यावर संच का अडखळतो?

जमिनीवर व्यवस्थित चालणारा संच विमानात मधल्या आसनावर ठेवला, तर बहुधा काहीच दाखवत नाही. विमानाचे धातूचे कवच रेडिओलहरींना आत येऊ देत नाही. कार्बनतंतूंपासून बनवलेल्या नव्या विमानांचे कवचही त्यांना अडवते. लहरींना वाट मिळते ती फक्त खिडक्यांतून. जीपीएसच्या मुख्य नागरी संदेशाची तरंगलांबी सुमारे १९ सेंटिमीटर आहे आणि प्रवासी विमानाची खिडकी त्याहून मोठी असते. त्यामुळे संच खिडकीच्या काचेला टेकवून धरल्यास संदेश मिळतो.

तरीही आकाशाचा निम्मा भाग विमानाच्या पलीकडच्या बाजूला झाकलेलाच राहतो. दिसणारे सर्व उपग्रह एकाच बाजूला असल्याने मोजणी उघड्या मैदानाइतकी नेमकी होत नाही. उत्तर भारतातून पाहताना उत्तर दिशेच्या आकाशाचा एक भाग जीपीएस उपग्रहांपासून रिकामा राहतो, कारण त्यांच्या कक्षा विषुववृत्ताशी ५५ अंशांचा कोन करतात. म्हणून दक्षिणेकडे तोंड असलेली खिडकी किंचित सरस ठरते. दिल्लीहून कोलकात्याला जाताना ती उजव्या हाताची असते, येताना डाव्या हाताची.

दुसरी अडचण प्रारंभाची आहे. बराच काळ बंद असलेल्या संचाला कोणता उपग्रह कोठे आहे याची माहिती नव्याने गोळा करावी लागते. एका उपग्रहाची स्वतःची कक्षा कळण्यास साधारण अर्धा मिनिट पुरते, मात्र सर्व उपग्रहांची ढोबळ सूची उतरवून घेण्यास साडेबारा मिनिटे लागतात. भ्रमणध्वनी ही माहिती एरवी इंटरनेटवरून क्षणात मिळवतो, पण फ्लाइट मोडमध्ये तो मार्ग बंद असतो. सेकंदाला सुमारे २५० मीटर वेगाने जाणाऱ्या विमानात, अर्ध्या आकाशाच्या आधारे हे काम करणे संचाला जड जाते. विमानात चढण्यापूर्वी, विमानतळाच्या इमारतीबाहेर असतानाच एकदा स्थान निश्चित करून घेतले, तर आत गेल्यावर संच लवकर जागा होतो, असा अनुभव आहे.

विमानाचा वेग आणि उंची यांमुळे संच बंद पडेल अशी शंकाही काही जण घेतात. क्षेपणास्त्रांसाठी वापर होऊ नये म्हणून नागरी संचांवर मर्यादा घातलेल्या असतात हे खरे आहे. परंतु त्या परंपरेने सुमारे १८ किलोमीटर उंची आणि ताशी सुमारे १,८५० किलोमीटर वेगाच्या आहेत. प्रवासी विमाने १० ते १२ किलोमीटर उंचीवरून, ताशी ८०० ते ९०० किलोमीटर वेगाने जातात. त्यामुळे ती या मर्यादेच्या बरीच आत राहतात.

केवळ ऐकणाऱ्या यंत्रावर बंदी का होती?

जो संच काही प्रसारितच करत नाही, त्याच्यावर हरकत का घ्यावी, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर एफएम रेडिओच्या इतिहासात सापडते. रेडिओ संच केंद्र पकडण्यासाठी स्वतःच्या आत एक वेगळी लहर निर्माण करतो. एफएम संचात ती सहसा केंद्राच्या कंप्रतेपेक्षा १०.७ मेगाहर्ट्झने अधिक असते. दिल्लीत १०२.६ मेगाहर्ट्झवरील एफएम रेनबो लावले, तर संचाच्या आत ११३.३ मेगाहर्ट्झची लहर तयार होते. १०८ ते ११८ मेगाहर्ट्झ हा पट्टा तर विमानांना दिशा दाखवणाऱ्या जमिनीवरील रेडिओ केंद्रांचा आहे. ही आतील लहर थोडी जरी बाहेर झिरपली, तरी विमानाच्या दिशादर्शकाला ती जवळून ऐकू येऊ शकते. याच कारणास्तव १९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत प्रवाशांच्या एफएम संचांवर बंदी आली आणि केवळ ग्रहण करणारे यंत्र निर्धोक असते हा समज मागे पडला.

जीपीएस संचातही अशी आतील लहर असते. मात्र ती दीड गिगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे एफएम संचाच्या लहरीपेक्षा फार वरच्या पट्ट्यात असते आणि तिची शक्ती अत्यल्प असते. विमानाचा स्वतःचा जीपीएस अँटेना कवचाच्या बाहेर, पाठीवर बसवलेला असतो. त्यामुळे खिडकीतील संचाचा त्याला उपद्रव होण्याची शक्यता फार कमी असते. तरीही प्रत्येक प्रवाशाचा प्रत्येक संच तपासणे शक्य नसल्याने नियामक संस्थांनी दीर्घकाळ सरसकट मनाईचे धोरण स्वीकारले आणि अपवाद ठरवण्याचे काम विमान कंपन्यांवर सोपवले. परिणामी २००० च्या दशकात जगभर एकच संच एका कंपनीच्या विमानात चालत असे आणि दुसऱ्या कंपनीच्या विमानात जप्तीची सूचना ऐकावी लागत असे.

भारतातील नियम

भारतात विमान नियम, १९३७ मधील नियम २९ बी अन्वये उड्डाणादरम्यान प्रवाशांनी इलेक्ट्रॉनिक उपकरणे वापरण्यास मनाई करण्यात आली आणि आदेशाद्वारे सवलत देण्याचा अधिकार नागरी विमान वाहतूक महासंचालकांना देण्यात आला. ऑक्टोबर २०१३ च्या अखेरीस अमेरिकेने आणि त्यापाठोपाठ युरोपने नियम शिथिल केले. त्यानंतर एप्रिल २०१४ मध्ये भारताच्या महासंचालनालयानेही उड्डाण व अवतरणासह प्रवासाच्या सर्व टप्प्यांत फ्लाइट मोडमधील उपकरणे वापरण्यास परवानगी दिली. २०२० मधील दुरुस्तीने विमानातील वाय-फाय सेवेसाठी फोन, लॅपटॉप, टॅबलेट, स्मार्ट घड्याळ आणि ई-वाचक यांचा फ्लाइट मोडमधील वापर वैमानिकाच्या परवानगीने शक्य झाला.

फ्लाइट मोडचा अर्थ प्रसारण बंद, असा आहे. अनेक जुन्या फोनांमध्ये हा मोड लावताच जीपीएसही बंद पडत असे. नव्या फोनांमध्ये ग्रहण करणारा भाग चालू राहतो. म्हणून फोन फ्लाइट मोडमध्ये ठेवून आणि नकाशा आधीच साठवून घेऊन स्थान पाहता येते. गिर्यारोहक वापरतात तसा स्वतंत्र संच असल्यास त्याला फ्लाइट मोड नसतो. अशा वेळी विमान कर्मचाऱ्यांना विचारणे हा योग्य मार्ग होय. कंपनीचे धोरण आणि वैमानिकाचा निर्णय हेच विमानात अंतिम असतात.

दिल्लीच्या प्रवाशांनी एक अपवाद विशेष ध्यानात ठेवावा. डिसेंबर आणि जानेवारीतील दाट धुक्यात इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळावर विमाने कॅट-३ पद्धतीने उतरतात. धावपट्टीवरील दृश्यता ५० मीटरपर्यंत घसरली तरी ही पद्धत चालते, कारण जमिनीवरून येणारे रेडिओकिरण विमानाला धावपट्टीपर्यंत आणतात. यात चुकीला वाव नसतो. म्हणून अशा अवतरणापूर्वी फ्लाइट मोडमधील उपकरणेही पूर्ण बंद करण्यास सांगितले जाऊ शकते. अमेरिकेने २०१३ मध्ये नियम शिथिल केले, तेव्हाही कमी दृश्यतेच्या सुमारे एक टक्का उड्डाणांसाठी हा अपवाद कायम ठेवला होता. अशी सूचना मिळाल्यास संच तत्काळ बंद करावा.

पडद्यावरील आकड्यांचा अर्थ

संचावर दिसणारा वेग हा जमिनीच्या संदर्भातील वेग असतो. विमान मात्र हवेत उडते आणि हवा स्वतः वाहत असते. हिवाळ्यात उत्तर भारतावरून, साधारण १२ किलोमीटर उंचीच्या आसपास, पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्यांचा झोत वाहतो. समजा, विमानाचा हवेतील वेग ताशी ८३० किलोमीटर आहे आणि पाठीमागचा वारा ताशी १५० किलोमीटर आहे. तर दिल्लीहून गुवाहाटीला जाताना संच ९८० दाखवील आणि परतीच्या वाटेवर ६८०. जाण्यास कमी आणि येण्यास अधिक वेळ का लागतो, हे कोड्यात टाकणारे वेळापत्रक या दोन आकड्यांनी उलगडते.

उंचीचा आकडा अधिक गोंधळात टाकतो. वैमानिक उद्घोषणेत ३५,००० फूट म्हणजे १०,६६८ मीटर उंची सांगतो आणि उन्हाळ्यात किंवा पावसाळ्यात प्रवाशाचा संच त्याहून काहीशे मीटर अधिक दाखवतो. दोघांपैकी कोणी चुकलेले नसते. विमानाचा उंचीमापक हवेचा दाब मोजतो आणि जगभरासाठी ठरवलेल्या प्रमाणित वातावरणानुसार त्याचे उंचीत रूपांतर करतो. उष्ण हवा प्रसरण पावते, त्यामुळे तोच दाब प्रत्यक्षात अधिक उंचीवर आढळतो. जीपीएस संच याउलट भूमितीने उंची मोजतो.

मग विमाने जीपीएसची उंची का वापरत नाहीत? आकाशात प्रत्येक विमानाने एकाच मापाने मोजणे हे अचूक मोजण्याइतकेच आवश्यक असते. समोरासमोर येणाऱ्या विमानांना वेगवेगळ्या उंचीचे थर दिलेले असतात आणि ते थर दाबाच्या एकाच प्रमाणावर आखलेले असतात. ही शिस्त मोडल्यास काय होते, हे दिल्लीने पाहिले आहे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी दिल्लीच्या पश्चिमेस, हरियाणातील चरखी दादरी येथे सौदी अरेबियाचे बोइंग आणि कझाकस्तानचे इल्युशिन ही विमाने आकाशात धडकली. कझाक विमानाला १५,००० फुटांवर राहण्याची सूचना होती, परंतु ते त्याखाली उतरत सौदी विमानाच्या १४,००० फुटांच्या थरात आले. त्या दुर्घटनेत दोन्ही विमानांतील सर्व ३४९ जण मरण पावले. त्यानंतर दिल्लीत येणाऱ्या व जाणाऱ्या विमानांचे मार्ग वेगळे करण्यात आले आणि टक्कर टाळणारी यंत्रणा विमानांत सक्तीची झाली.

संच विश्वासार्ह आहे की नाही हे जमिनीवर सहज पडताळता येते. दिल्लीचा विमानतळ समुद्रसपाटीपासून २३७ मीटर उंचीवर आहे आणि मुंबईचा सुमारे १२ मीटर. विमान उभे असताना खिडकीतील संच या आकड्यांच्या आसपास काही मीटर दाखवत असेल, तर त्याला पुरेसे उपग्रह दिसत आहेत असे समजावे.

जिज्ञासूंसाठी आणखी एक निरीक्षण आहे. दिल्ली व मुंबई विमानतळांमधील सरळ अंतर सुमारे १,१४० किलोमीटर आहे. त्याच्या निम्म्याहून थोडे पुढे गेल्यावर, राजस्थानातील बांसवाडा आणि मध्य प्रदेशातील रतलाम यांच्या पट्ट्यात, अक्षांश २३ अंश २६ मिनिटांवर येतो. या क्षणी विमान कर्कवृत्त ओलांडते. शाळेच्या नकाशातील तुटक रेषा प्रत्यक्ष कोठे आहे, हे दाखवणारे याहून सोपे साधन नाही. विमानाचा प्रत्यक्ष मार्ग सरळ रेषेपासून थोडा हटू शकतो, पण अक्षांश बदलत नाही.

दिल्लीच्या आकाशातील खोटे संदेश

संच सुस्थितीत असूनही चुकीचे स्थान दाखवू शकतो, याची जाणीव गेल्या काही वर्षांत तीव्र झाली आहे. उपग्रहांचे संदेश अत्यंत क्षीण असल्याने जमिनीवरील लहानसे प्रक्षेपकही त्यांना झाकोळू शकते. याचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात त्याच कंप्रतेवर गोंगाट निर्माण केला जातो आणि संचाला काहीच ऐकू येत नाही. याला जॅमिंग म्हणतात. दुसऱ्यात उपग्रहाच्या संदेशाची हुबेहूब नक्कल करून तो थोड्या अधिक शक्तीने प्रसारित केला जातो. संच त्या नकलेला खरे मानतो आणि चुकीचे स्थान पूर्ण आत्मविश्वासाने दाखवतो. याला स्पूफिंग म्हणतात. यातील दुसरा प्रकार अधिक घातक आहे, कारण पहिल्यात संच निदान मौन तरी धरतो.

युद्धग्रस्त आणि सीमावर्ती प्रदेशांत असे प्रकार वाढल्यानंतर महासंचालनालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये परिपत्रक काढून अशा घटनांची माहिती देणे बंधनकारक केले. नागरी हवाई वाहतूक राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ यांनी मार्च २०२५ मध्ये लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार, नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सीमाभागात अशा ४६५ घटना नोंदल्या गेल्या. त्यातील बहुतांश अमृतसर आणि जम्मू परिसरातील होत्या.

नोव्हेंबर २०२५ च्या आरंभी हा प्रकार सीमेपासून दूर, राजधानीत आढळला. नागरी हवाई वाहतूक मंत्री के. राममोहन नायडू यांनी १ डिसेंबर २०२५ रोजी राज्यसभेत सांगितले की, दिल्ली विमानतळाच्या धावपट्टी क्रमांक १० कडे उपग्रहाधारित पद्धतीने येणाऱ्या काही विमानांनी स्पूफिंगची तक्रार केली होती. जमिनीवरील पारंपरिक दिशादर्शक यंत्रणा असलेल्या अन्य धावपट्ट्यांवरील वाहतुकीवर परिणाम झाला नाही. कोलकाता, अमृतसर, मुंबई, हैदराबाद, बंगळूर आणि चेन्नई येथूनही अशा तक्रारी आल्याचे त्यांनी नमूद केले. दिल्लीतील प्रकाराचा उगम शोधण्याचे काम वायरलेस देखरेख संघटनेकडे सोपवण्यात आले. अशी घटना आढळल्यास दहा मिनिटांत कळवावे, असा आदेश महासंचालनालयाने १० नोव्हेंबर २०२५ रोजी काढला.

त्याच सुमारास, ६ व ७ नोव्हेंबर रोजी दिल्लीत शेकडो विमानांना विलंब झाला होता. त्याचे कारण वेगळे होते. उड्डाणांचे आराखडे पोहोचवणाऱ्या स्वयंचलित संदेश यंत्रणेत बिघाड झाला होता. या दोन घटनांची गल्लत करू नये.

खोट्या संदेशाचा परिणाम केवळ नकाशापुरता राहत नाही. विमानाचे घड्याळ चुकू शकते आणि जमीन जवळ आल्याचा खोटा इशारा वाजू शकतो. मात्र आधुनिक प्रवासी विमान एकट्या जीपीएसवर विसंबून नसते. त्यात गतीवरून स्वतःचे स्थान मोजणारी जडत्व यंत्रणा असते, जमिनीवरील दिशादर्शक केंद्रे असतात आणि नियंत्रण कक्षाचे रडार असते. याच कारणाने भारताने जमिनीवरील पारंपरिक केंद्रांचे किमान जाळे राखून ठेवले आहे. इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणाने उभारलेली ‘गगन’ ही यंत्रणा जीपीएसची अचूकता वाढवते. तिच्या आधारे एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातील किशनगढ येथे प्रवासी कंपनीचे विमान प्रथमच उतरवण्यात आले. परंतु ‘गगन’ही त्याच क्षीण संदेशांना पूरक असल्याने स्पूफिंगवरील उपाय म्हणून ती पुरेशी नाही.

प्रवाशाच्या दृष्टीने याचा अर्थ साधा आहे. दिल्ली किंवा अमृतसरच्या परिसरात आपला संच एकाएकी दुसऱ्याच ठिकाणी गेल्याचे दाखवू लागला, तर विमान भरकटले असे समजून घाबरू नये. वैमानिकाकडे पडताळणीची अन्य साधने असतात. प्रवाशाकडे ती नसतात, एवढाच फरक.

धोका कोणत्या उपकरणापासून?

प्रवाशाचा ग्रहण संच आणि जीपीएस दडपणारे उपकरण यांत मूलभूत भेद आहे. अमेरिकेतील न्यूआर्क विमानतळावर २०१२ मध्ये उपग्रहाधारित अवतरण यंत्रणेत अडथळे येऊ लागले. शोध घेतला असता कारण निघाले शेजारच्या रस्त्यावरून जाणारा एक वाहनचालक. मालकाला आपला ठावठिकाणा कळू नये म्हणून त्याने गाडीत लहानसे जॅमर लावले होते. त्याला २०१३ मध्ये सुमारे ३२ हजार डॉलरचा दंड ठोठावण्यात आला. भारतात खासगी व्यक्तीने जॅमर बाळगणे बेकायदा असल्याचे दूरसंचार विभागाने जानेवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.

दुसरा भेद अधिक व्यावहारिक आहे आणि त्याकडे दुर्लक्ष करणारे प्रवासी अडचणीत आले आहेत. दिसायला जीपीएस संचासारखेच असलेले काही आधुनिक संच उपग्रहामार्फत संदेशही पाठवतात. हे प्रक्षेपक असल्याने भारतात ते परवान्याविना बाळगता येत नाहीत. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यातील दहशतवाद्यांनी वापरलेल्या ‘कुबेर’ या नौकेवर उपग्रह दूरध्वनी आणि जीपीएस संच सापडले होते. या पार्श्वभूमीवर सुरक्षा यंत्रणा अशा उपकरणांकडे गांभीर्याने पाहतात. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या दाबोळी विमानतळावर असा संदेशवाहक संच बाळगणाऱ्या एका परदेशी महिलेवर कारवाई झाली. तो संच तिच्या देशात गिर्यारोहक सर्रास वापरतात. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांना आणि पाहुण्यांना ही बाब प्रवासापूर्वीच सांगणे हितावह ठरेल.

संरक्षण दलांच्या विमानतळांबाबतही दक्षता हवी. पुण्याचा लोहगाव आणि गोव्याचा दाबोळी हे विमानतळ संरक्षण दलांचे आहेत आणि तेथे छायाचित्रणास मनाई असते. मे २०२५ मध्ये महासंचालनालयाने अशा तळांवर, विशेषतः पश्चिम सीमेलगत, १०,००० फुटांखाली खिडक्यांचे पडदे बंद ठेवण्याचा आदेश दिला होता. पडदा बंद करण्याची सूचना आल्यास संचही खिडकीतून काढून घ्यावा.

प्रवाशांसाठी थोडक्यात

संच ग्रहण करणाराच आहे, संदेश पाठवणारा नाही, याची निघण्यापूर्वी खात्री करावी. नकाशा आधीच साठवून घ्यावा आणि विमानतळाबाहेर एकदा स्थान निश्चित करून घ्यावे. लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या सामानाच्या कक्षात न देता हातातील पिशवीत ठेवाव्यात. फोन फ्लाइट मोडमध्येच ठेवावा. स्वतंत्र संच असल्यास कर्मचाऱ्यांना दाखवून परवानगी घ्यावी आणि नकार मिळाल्यास वाद घालू नये. उड्डाण आणि अवतरणाच्या वेळी संच सैल ठेवू नये, कारण धक्का बसल्यास हातातून सुटलेली कोणतीही वस्तू शेजाऱ्याला इजा करू शकते.

हे सर्व पाळूनही संच हे माहितीचे साधन आहे, निर्णयाचे नाही. त्यावर दिसणारा आकडा वैमानिकाच्या आकड्याशी जुळला नाही, तर त्याचे कारण बहुतेक वेळा हवेचा दाब, वाहता वारा किंवा खिडकीने अर्धे झाकलेले आकाश असते. राजधानीच्या आसपास आता त्यात खोट्या संदेशाची भर पडली आहे. ही कारणे ठाऊक असलेल्या प्रवाशाला मात्र तोच न जुळणारा आकडा बरेच काही शिकवून जातो.